नागपूरची भुकटी, बेळगावचे दात

नागपूरहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, एक स्वेटर, संत्रा बर्फीचा डबा आणि दातांची भुकटी होती. भुकटी खरं म्हणजे दातांची नव्हे. दात ज्या खनिजाचे बनलेले असतात त्या खनिजाची. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची द्रावणं थेंबाथेंबाने एकत्र केली, गाळली, वाळवली की ते प्रयोगशाळेतही तयार होतं. मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं हेच करते आहे. कण इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून सुटा कण दिसत नाही, त्यांचा पुंजका तेवढा दिसतो.

ही भुकटी मी बेळगावला डॉ. शोभाकडे कुरियरने पाठवत असे. शोभा दातांची डॉक्टर; तिथल्या एका कॉलेजात शिकवते. एका चर्चासत्रात आमची ओळख झाली आणि पुढचं सगळं काम फोनवर झालं. दात किडला की डॉक्टर तो कोरतात, आतून आम्ल लावून धुतात, मग एक डिंक लावतात, निळा प्रकाश पाडून तो कडक करतात आणि त्यावर दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात. आम्लाने दातातलं खनिज निघून जातं, मागे तंतूंची जाळी उरते. डिंकाने त्या जाळीत शिरून बसायचं असतं. तो सगळीकडे पोचत नाही. राहिलेल्या फटींत पाणी झिरपतं आणि काही वर्षांनी भरलेला दात रिकामा होतो. मग गेलेलं खनिज डिंकातूनच परत दिलं तर? आमचा प्रश्न एवढाच होता. जगात इतरही बरेच जण त्याच्या मागे आहेत.

जानेवारीत शोभाचा फोन आला, "ताई, चाचणीसाठी पाण्यात ठेवलेले दात आता मोडायचे आहेत. तुम्ही यायला पाहिजे."

मी बेळगाव पाहिलं नव्हतं, आणि माझी भुकटी घातलेला दातही. कुरियरऐवजी या वेळी भुकटी घेऊन मीच निघाले.

निपाणी

कोल्हापूर मागे पडल्यावर थोड्या वेळाने दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. एरवी काही बदललं नाही. तोच ऊस, तेच ट्रॅक्टर. कंडक्टर माझ्याशी मराठीत बोलला, मागच्या बाईशी कन्नडमध्ये, आणि दोघींनाही सुटे नाहीत हे सारख्याच नाराजीने सांगितलं.

शोभा मला निपाणीलाच उतरवून घेणार होती. जवळच्या एका खेड्यात तिचं दंततपासणी शिबिर होतं, ते आटोपून तिच्या गाडीतून पुढे जायचं ठरलं होतं. निपाणीला तंबाखूच्या वखारी आहेत हे ऐकून होते. वास मात्र ऐकून कळत नाही. गोडसर, उग्र, घशाला धरणारा. तासाभरात तो जाणवेनासा झाला.

शिबिर शाळेच्या हॉलमध्ये होतं. शोभा चाळिशीची, उंच, बारीक. मास्कमुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. माझ्याशी ती पुस्तकी मराठीत बोलायची आणि रोग्याकडे वळली की, "आप्पा, लई दुखतंय व्हय? आ करा बगू," असं सुरू व्हायचं.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची हलणारी दाढ तिने काढली आणि ती संशोधनासाठी ठेवून घेऊ का, असं विचारलं.

"कुठं न्हेताय?" त्याने तोंडातला कापूस सावरत विचारलं.

"बेळगावला. कॉलेजात."

तो थोडा वेळ दाढेकडे बघत राहिला. "न्हेवा. मी कधी कॉलेजात गेलो न्हाय. ती तरी जाऊंदे."

मी टेबलाशी बसून शोभाच्या एका सहकारिणीला बरणी उघडून भुकटी दाखवत होते. तेवढ्यात रांगेतल्या एका आजींनी पुढे होऊन त्यात बोट घातलं आणि ते बोट सराईतपणे हिरड्यांवर फिरवलं. माझ्या तोंडून "अहो!" निघेपर्यंत काम झालं होतं. इकडे बायका तंबाखू भाजून त्याची काळी मिश्री दातांना लावतात, हे मला नंतर कळलं. आजींना वाटलं, सरकारने पांढरी मिश्री आणली.

त्यांनी डोळे मिटून चव घेतली, बाहेर जाऊन थुंकून आल्या आणि म्हणाल्या, "ह्यात कायबी न्हाय की गं. निस्ती माती."

शोभा मास्कच्या आत हसत होती. "काही होत नाही ताई, निरुपद्रवी आहे," ती म्हणाली. "पण माणसावरची पहिली चाचणी तुम्ही परवानगीशिवाय केलीत."

बेळगाव

नागपूरकराला बेळगावची थंडी सौम्य वाटते. सकाळी धुकं असतं, ऊन चढलं की निघून जातं. आमच्याकडे माणूस ओळखीचा नसला की बोलणं आपोआप हिंदीत सुरू होतं. इथे हिंदीपर्यंत पोचायच्या आधी कन्नड लागते. शोभाच्या कॉलेजात तर मला दिवसभर तीन भाषांची ये-जा ऐकू येत होती. शिपायाशी कन्नड, माझ्याशी मराठी, यंत्राशी इंग्रजी.

यंत्र दुसऱ्या विभागाचं होतं आणि ते थोड्याच वेळासाठी मिळालं होतं. शोभाने फोनवर न सांगितलेली एक गोष्ट तिथे कळली. निकाल चांगला आला नाही तर हे काम बंद करून तिने दुसरा विषय घ्यावा, असं तिच्या विभागाचं म्हणणं पडलं होतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून दात घट्ट बसणार होते का?" ती म्हणाली.

काढलेल्या दातांचे तीन गट होते. पहिल्यात नुसता डिंक, दुसऱ्यात थोडी भुकटी घातलेला आणि तिसऱ्यात भरपूर. त्यांवर सिमेंटच्या लहान लहान चकत्या चिकटवून, ते आलटून पालटून गरम-गार पाण्यात बुडवून, मग महिनोन्महिने पाण्यात ठेवले होते. आता एकेक दात यंत्रात बसवायचा आणि चकती सुटेपर्यंत तिच्यावर जोर वाढवत न्यायचा. पडद्यावर एक रेघ चढत जाते, टक् असा आवाज होतो आणि रेघ कोसळते. जितकी उशिरा कोसळेल तितकी पकड चांगली.

माझी सगळी भिस्त तिसऱ्या गटावर होती. खनिज जितकं जास्त तितका दात खूश, असा माझा सरळ हिशेब. शोभाने पहिला दात लावला. रेघ जेमतेम चढली आणि टक्. दुसरा लावला. तोही तसाच. तिसरा बसवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चकती लगेच सुटली.

सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. भुकटी जास्त झाल्यामुळे डिंक दाट झाला होता, कण एकमेकांना धरून त्यांच्या गुठळ्या बनल्या होत्या. पिठलं नीट न हाटता उकळी आणली की जे होतं, तेच. असा डिंक जाळीत शिरलाच नव्हता, वरच बसून राहिला होता.

मग नुसत्या डिंकाचे दात झाले. ते बरे निघाले, पण पाण्याने त्यांनाही खिळखिळं केलं होतं. थोड्या भुकटीचा गट शेवटी राहिला. पहिल्या दाताची रेघ चढली, चढत राहिली. आम्ही दोघी उभ्याच होतो. टक् झालं तेव्हा रेघ बरीच वर गेली होती. पुढचाही तसाच. मधला एक दात अगदी सुरुवातीला सुटला, का ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाकीच्यांनी धरून ठेवलं.

शोभा स्टुलावर बसली. तिने चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावला आणि म्हणाली, "हे बाहेर लगेच काही बोलू नका. अजून बरेच दात तपासायला हवेत. एवढ्यावर काही सिद्ध होत नाही."

"पण काम बंद नाही होत?"

"न्हाय होत," ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच तिच्या भाषेत बोलली.

संध्याकाळी आम्ही खडेबाजारात कुंदा घेतला. दूध आटवून आटवून तपकिरी केलेलं, रवाळ. माझी संत्रा बर्फी शोभाने चवीने खाल्ली, पण कुंद्याशी तुलना करायचं टाळलं. मीही टाळलं.

वडगाव

दुसऱ्या दिवशी शोभाने मला वडगावला नेलं, साड्या दाखवायला. गल्लीत शिरल्यापासून घराघरांतून मागांचा खडखडाट येत होता. तिथे मोठ्याने बोलायची सवय सगळ्यांनाच आहे. इंदूआक्कांच्या घरी पुढच्याच खोलीत यंत्रमाग होता. आक्का पन्नाशी ओलांडलेल्या, शोभाच्या जुन्या रोगी आणि आता जवळजवळ नातेवाईक. त्यांनी माग बंद केला आणि एकदम इतकी शांतता झाली की माझ्या कानांत आवाज होऊ लागला.

"नागपूरच्या बाई व्हय ह्या? या की. काय करता तिकडं?"

"शिकवते. आणि ही दातांची पावडर करून राहिले," मी म्हणाले.

"करून ऱ्हायल्या!" त्यांनी टाळी वाजवली. "गोड लागतंय ऐकायला. आनि एकदा म्हणा."

हसताना दिसलं की वरच्या पुढच्या दाताचा कोपरा नाही. धागा तुटला की त्या गाठ मारतात आणि उरलेलं टोक दातांनी तोडतात. मागाला कात्री टांगलेली होती. मी तिच्याकडे पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"कात्री शोधस्तवर दात जवळ असतोय, बाई."

त्या दाताला आधी खाच पडली, मग कोपरा उडाला. शोभाने तो दोनदा भरला होता, दोन्ही वेळा भरलेलं निघून आलं. आतापर्यंत त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण येत्या रविवारी कडोलीला साहित्य संमेलन होतं, तिथल्या कविसंमेलनात त्यांचं नाव होतं. आक्का कविता करतात. मागावर बसल्या बसल्या मनात जुळवतात आणि रात्री सून लिहून घेते. गल्लीत, भजनी मंडळात त्यांनी म्हणून दाखवल्या होत्या. मांडवात, माईकवर ही पहिलीच वेळ.

"माझा स वाजतोय," त्या म्हणाल्या. "ऐका. सूत. साडी. सासू. शिट्टी मारल्यागत येतंय का न्हाय? मांडवात लोक हसतील."

येत होतं. अगदी थोडं, पण येत होतं.

"उद्या या, आक्का. भरून देते," शोभा म्हणाली.

"भरतीस आन् पडतंय. तुझं ते नवीन हाय न्हवं, ह्यांच्या पावडरचं? ते लाव."

शोभाने मान हलवली. "ते माणसाला लावायचं न्हाय अजून. परवानगी न्हाय."

"मी देतो की परवानगी. दात माझा हाय."

"तुमी देऊन चालत न्हाय, आक्का."

"मेलेल्या दातास्नी लावतीस, आन् माझ्या जित्या दाताला न्हाय?" त्या उठल्या, माग सुरू केला आणि पुढे काही बोलायची सोय ठेवली नाही. साड्या पाहायच्या राहून गेल्या.

गाडीत बसल्यावर मी शोभाला म्हणाले, "लावून टाक ना. थोड्या प्रमाणातला डिंक चांगला धरतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. आणि भुकटी तर त्या आजींनी हिरड्यांना चोळली."

"तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. तिने गाडी सुरू केली.

आक्का दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दवाखान्यात आल्या, पण रुसूनच. शोभाने नेहमीच्या डिंकाने दात भरला. नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ ती त्या एका कोपऱ्यावर काम करत होती. शेवटी आरसा दिला. आक्कांनी "सूत, साडी, सासू" म्हणून पाहिलं. शिट्टी गेली होती.

"धागा तोडू नका," शोभा म्हणाली.

"बघू," आक्का म्हणाल्या.

गुंजी

शनिवारी शोभा मला तिच्या गावी घेऊन गेली. गुंजी खानापूरच्या पुढे. गावाला रेल्वे स्टेशन आहे आणि स्टेशनाच्या पलीकडे झाडी सुरू होते. विदर्भातलं जंगल या दिवसांत पिवळं पडायला लागलेलं असतं, इथलं अजून ओलं वाटत होतं. शोभाचे भाऊ शेती बघतात आणि खानापूरला नोकरीही करतात; सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणू लागले. जेवायला नव्या तांदळाचा भात, हुलग्याची आमटी आणि चुलीत भाजलेली रताळी होती. आमच्याकडे रताळं उपासाला आठवतं. इथे ते कुठल्याही दिवशी पानात येतं. आमटी तिखट आहे का, असं शोभाच्या आईंनी दोनदा विचारलं. नागपूरच्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला बरं वाटलं.

जेवणानंतर आम्ही स्टेशनापर्यंत चालत गेलो. फलाटावर कुणी नव्हतं. शोभाने स्वतःहूनच विषय काढला.

"ताई, मला लावावंसं वाटत नव्हतं असं नाही. भुकटीच्या डिंकाची बाटली समोर होती. आक्कांनी तोंड उघडलेलं होतं. मी लावलं असतं तर कुणाला कळलंही नसतं."

"मग?"

"आक्का माझ्या ओळखीच्या. मी विष दिलं तरी त्या पितील. रविवारी कविता म्हणायची म्हणून त्यांना घाई. आपला निकाल चांगला यावा म्हणून आपल्याला घाई. दोन्हीकडून घाई असली की मी हात आवरते." ती थांबली. "आणि तो एक दात लगेच सुटला, तो का सुटला हे आपल्याला अजून माहीत नाही."

माझी भुकटी बरणीत जाते, तिथून पुढे माझा संबंध तक्त्यांशी आणि आलेखांशी असतो. तिचा तोंडाशी असतो, आणि ते तोंड दुसऱ्या दिवशी तिला रस्त्यात भेटतं. मी एवढंच म्हणाले, की मी चुकीचं बोलले. तिने मान डोलावली. मालगाडी आली आणि खूप वेळ जात राहिली.

कडोली

रविवारी कडोलीला पोचलो तेव्हा ग्रंथदिंडी होऊन गेली होती आणि मांडव भरला होता. शहरातल्या संमेलनांत मी व्यासपीठावर गर्दी आणि समोर मोकळ्या खुर्च्या पाहिल्या आहेत. इथे बायका लेकरांना मांडीवर घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या, शेतकरी मागे उभे होते, आणि अध्यक्षांचं लांबलेलं भाषणही लोक शेवटपर्यंत ऐकत होते. जेवणाच्या पंगती गावाने वाढल्या.

इंदूआक्का मांडवाच्या कडेला भेटल्या. जरीच्या काठाची साडी, स्वतःच्या मागावरची. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

"काय झालं?" शोभाने विचारलं.

आक्कांनी पदर खाली घेतला. कोपरा नव्हता.

"सकाळी निघताना एक धागा लोंबत हुता मागाला," त्या म्हणाल्या. "हात गेला, दात गेला. कळलंच न्हाय."

शोभाचा चेहरा उतरला. माझ्या मनात काय आलं ते सांगायला हवं: आमचा डिंक असता तर टिकला असता. मी ते बोलले नाही. शोभाच्याही मनात तेच असावं, कारण ती माझ्याकडे बघायचं टाळत होती.

तेवढ्यात आक्कांचं नाव पुकारलं गेलं. त्या पायऱ्या चढल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या. पहिल्याच ओळीत सूत होतं. माईकने ती शिट्टी आमच्यापर्यंत, मागे उभ्या लोकांपर्यंत, बाहेर चहाच्या गाड्यापर्यंत पोचवली. कॉलेजातली काही पोरं हसली. एक बाईही हसली, मग तिने तोंडाला पदर लावला.

आक्का थांबल्या. त्या आता खाली उतरतील असं मला वाटलं. शोभाने माझा हात धरला.

"वाजतंय व्हय?" आक्का माईकमध्ये म्हणाल्या. "दात पडलाय सकाळी. जरा वाजंल. ऐका."

आता सगळाच मांडव हसला, पण ते हसणं वेगळं होतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कविता नव्या सुनेची होती; तिला माहेरची आठवण आली की ती माग जोरात चालवते आणि सासूला वाटतं, पोरगी कामाला लई चांगली. स पुष्कळ होते. प्रत्येक वाजला. अर्ध्यावर आल्यावर कुणी हसत नव्हतं. माझ्या पुढच्या बाईने नाक ओढलं. संपल्यावर टाळ्या आधी मागून सुरू झाल्या.

आक्का खाली आल्या तेव्हा शोभा म्हणाली, "आक्का, चुकलं माझं. नवीन लावायला पाहिजे होतं."

"आदी बघ तरी," आक्का म्हणाल्या आणि मांडवामागे उसाच्या गाडीला टेकून त्यांनी तोंड उघडलं. शोभाने मोबाइलचा उजेड पाडला. तो तिने दोनदा इकडून तिकडे फिरवला. मग तिने मला पुढे बोलावलं.

"बघा."

मला समजायला वेळ लागला. दाताच्या तुटक्या कडेवर एक पातळ, चकचकीत थर जागच्या जागी होता. चिकटवलेलं सुटलं नव्हतं. त्याच्या वरचं सिमेंट मधूनच मोडलं होतं. नेहमीच्या, साध्या डिंकाने आपलं काम चोख केलं होतं. माझी भुकटी त्यात असती तरी धाग्याच्या त्या हिसक्याने कोपरा असाच गेला असता.

हे मी आक्कांना समजेल तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शोभाकडे वळल्या.

"म्हंजे तू नवीन लावलं असतंस, तरी पडलं असतं?"

"पडलं असतं, आक्का."

"मग न्हाय म्हणालीस ते बरं केलंस. मी सगळ्या वडगावात सांगितलं असतं, शोभाचं नवं औषध खोटं हाय म्हून."

"आणि लोकांनी खरं मानलं असतं," शोभा म्हणाली.

"मानलंच असतं की!" आक्कांनी पदर नीट केला. "आता मी माईकवर बोलणारी बाई हाय."